बार ट्रॉली

बार ट्रॉली : पेये, पेले, बर्फाचे भांडे आणि बशा एकत्र ठेवून खोलीतून खोलीत ढकलत नेता येणारे, दोन किंवा तीन फळ्यांचे चाकांचे हलके टेबल. मूळ चहाच्या ट्रॉलीतून निघालेला हा प्रकार अमेरिकेतील दारूबंदी (१९२०–३३) उठल्यावर घरोघरी रुळला. कोकणात जुनी ट्रॉली बहुधा मुंबईचे बिऱ्हाड आवरताना गावच्या घरी येते आणि तिच्यावर बाटल्यांपेक्षा कोकम सरबताचा जगच जास्त वेळा मांडला जातो.

आधुनिकतावादी फर्निचरने नक्षी टाकून दिली आणि जोड, नळी, चाक उघडे ठेवले. बाउहाउस या जर्मन कला-संकल्पन शाळेतील (स्थापना १९१९) मार्सेल ब्रॉयर यांना वाकवलेल्या पोलादी नळीच्या खुर्चीची कल्पना सायकलच्या हँडलवरून सुचली. फिनलंडचे वास्तुकार आल्व्हार आल्टो यांची १९३६ची ९०१ क्रमांकाची ट्रॉली ही या घराण्यातली सर्वांत शहाणी वस्तू म्हणावी लागेल. थर चिकटवून वाकवलेली बर्च लाकडाची चौकट, एका टोकाला दोनच मोठी चाके, दुसरे टोक किंचित उचलून ढकलायचे. पुढच्याच वर्षीच्या ९०० क्रमांकाच्या ट्रॉलीला वर फरशा आणि खाली वेताची टोपली आहे. भारतात सागवान आणि वेत यांची आधुनिक जोडी वास्तुकार पिअर जनरे यांच्या चंडीगडच्या फर्निचरमुळे ओळखीची झाली.

उंची साधारण ७५ ते ८५ सेंमी, रुंदी ४० ते ४५ सेंमी. ७५० मिलिची बाटली साधारण ३० सेंमी उंच असते, म्हणून दोन फळ्यांत ३५ सेंमी अंतर हवे. भरलेल्या बाटल्या खालच्या फळीवर ठेवाव्यात. वर ठेवल्या तर उंबरठ्यावर चाक अडताच ट्रॉली पुढे कलंडते. जुन्या घरात ओटी, माजघर, पडवी यांच्या पातळ्या वेगळ्या असतात आणि लादीच्या सांध्यांत ५० मिमीचे चाक अडखळते. १०० ते १२५ मिमीचे चाक बरे. चाकावर रबराची धाव असावी. पीयूच्या (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या) काही धावा दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुकड्यांनी गळतात.

खारा वारा पहिला धरतो तो क्रोम. त्याचा थर एका मायक्रोनहूनही पातळ असतो. सूक्ष्म छिद्रांतून क्षार खालच्या पोलादापर्यंत जातात आणि आधी तपकिरी ठिपके, मग पापुद्रे दिसू लागतात. नळी पोकळ असल्याने आतून गंजते ते तर दिसतही नाही. तळाच्या वाकणावर बोटाने टिचकी मारल्यास गंजलेल्या जागी आवाज बोदा येतो. नवी चौकट करायची तर किनाऱ्याजवळ ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. त्यातले २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम क्षारांपुढे टिकते.

पितळी ट्रॉली घेताना खिशात लोहचुंबक असावा. चिकटला तर ते मुलामा दिलेले लोखंड आहे आणि घासून चमकवल्यावर मुलामाच निघून जाईल. भरीव पितळ आमसूल किंवा चिंच आणि मिठाने उजळते, पण नंतर साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे लागते. फटीत उरलेले आंबट मीठ हिरवा कळंक आणते. पितळाला लोखंडी स्क्रू लावू नये. दमट खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना भिडले की लोखंड झपाट्याने गंजते.

लाकडात सागवान उत्तम. फणसही चालतो. त्याचा पिवळा रंग काही वर्षांत गडद तपकिरी होतो आणि शोभतो. भरीव फळी चौकटीत सरसाने जाम करू नये. आषाढ-श्रावणात ४० सेंमीची फळी काही मिलिमीटर फुगते आणि जागा नसली की चौकटीचे सांधे उघडतात. खाचेत दोन्ही बाजूंना दोन-तीन मिमी सोडावे. प्लायवूड बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्रतीचे घ्यावे. पार्टिकल बोर्ड एका पावसाळ्यातच कडेने फुगते.

जुन्या ट्रॉलीवर बहुधा फ्रेंच पॉलिश असते. ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, त्यामुळे सांडलेली दारू ते पुन्हा विरघळवते. वरच्या फळीवर ६ ते ८ मिमीची टफन काच बसवावी किंवा तेवढ्याच भागाला पीयू पॉलिश द्यावे. पावसात पॉलिश करूच नये, दमट हवेत थर धुरकट पांढरा पडतो. सुताराला दिवाळीनंतर बोलवावे. वर संगमरवर किंवा कडप्पा लावण्याचा मोह टाळावा: दोन्ही चुनखडीच्या जातीचे, लिंबू-कोकमाचा एक थेंब चमक खातो. ग्रॅनाइट टिकतो, पण वजन वाढते.

वेताची जाळी बदलताना ती अर्धा ते एक तास कोमट पाण्यात भिजवतात, पाचरींनी खाचेत ठोकतात आणि वरून सरस लावून वेताची पट्टी दाबून बसवतात. मग सावलीत पूर्ण वाळू देतात. वाळताना जाळी स्वतःच ताणली जाते, म्हणून बसवताना जास्त खेचू नये. नाहीतर कडेचे धागे तुटतात. सैल झालेली पण न तुटलेली जाळी खालून ओल्या फडक्याने भिजवून वाळवली तरी बरीच ताठ होते. वरची चकचकीत बाजू पाणी शोषत नाही.

घर जूनपासून गणपतीपर्यंत बंद राहणार असेल तर ट्रॉली रिकामी करून भिंतीपासून एक वीत पुढे ओढावी, धातूवर मेणाचा पातळ हात फिरवावा आणि सुती चादर घालावी. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते, वेतावर बुरशी धरते आणि क्रोम उघड्यापेक्षा लवकर जाते.