घड्याळ ओळंब्यात, तरी बंद का?

‘लंबकाचं घड्याळ ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभं, टांगलं की थांबत नाही’, हा समज जुना आहे. सोलापुरात घरीच बनवलेलं माझं घड्याळ ओळंब्यात होतं, तरी दहा मिनिटांत थांबायचं.

खरी गरज असते दोन्ही ठोके सारख्या अंतरानं पडण्याची. किल्ली देऊन लंबक मधोमध स्थिर करा, लंबकामागे कागद लावून त्यावर खूण करा. बोटानं हळूच डावीकडे न्या, ‘टिक’ झालं की खूण. मग तसंच उजवीकडे. माझ्याकडे एकीकडे ४ मिलिमीटर, दुसरीकडे ९!

अशा वेळी पेटी सरळच राहू द्यावी. अँकरपासून (दातेरी चाकाला आळीपाळीनं अडवणारा-सोडणारा भाग) लंबकाकडे उतरणारी तार किंचित वाकवावी, पुन्हा मोजावं. फरक वाढला तर उलट बाजूला. मग डोळे मिटून ऐका, ठोका लंगडतो का. जुन्या वाड्याची भिंत तिरकी असली तरी चालतं, फक्त घड्याळ घट्ट बसलेलं हवं.