व्हेंटिलेटर आणि आयसीयू आले कुठून? कोपनहेगन, 1952

कोविडमध्ये आपण सगळे ऑक्सिजन, बायपॅप, व्हेंटिलेटर हे शब्द शिकलो, पण ऑक्सिजन लावणं आणि श्वास देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अजून बऱ्याच घरांत माहीत नसतं. आणि हा फरक डॉक्टरांनाही फार जुना ठाऊक नाही बरं का, तो खऱ्या अर्थाने पटला 1952 च्या पोलिओच्या साथीत, डेन्मार्कमध्ये.

तेव्हा श्वासाचे स्नायू लुळे पडले की आयर्न लंग वापरायचे, म्हणजे मान बाहेर ठेवून बाकी अख्खा पेशंट पेटीत आणि पेटीतला दाब कमीजास्त करून छाती हलवायची. 1928 पासून बोस्टनमध्ये हे सुरू होतं. पण कोपनहेगनच्या ब्लेग्डम हॉस्पिटलमध्ये असं मशीन एकच, शिवाय छातीवर बसवायची सहा छोटी, आणि साथ ऐन भरात असताना दिवसाला पन्नासेक पेशंट यायचे. श्वास बंद पडलेल्या पहिल्या 31 जणांपैकी 27 गेले.

मग प्रमुख डॉक्टर लासन यांनी भूल देणाऱ्या ब्योर्न इब्सेनना बोलावलं. रक्तात बायकार्बोनेट (अल्कलीधर्मी क्षार) वाढलेलं दिसायचं त्यामुळे बाकीच्यांना वाटत होतं की रक्त अल्कलीकडे झुकलंय, इब्सेन म्हणाले नाही, कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडत नाहीये, साचतोय. ऑक्सिजन दिला की पेशंटचा रंग सुधारायचा पण हा साचलेला वायू तसाच, आणि पेशंट हातचा जायचा. 27 ऑगस्टला 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली, ती इतकी धडपडत होती की हवा आतच जाईना, तेव्हा औषध देऊन तिला शांत केलं आणि रबरी पिशवी हाताने दाबत हवा आत ढकलली. ती वाचली!

पण मशीन्स नव्हती ना, मग पिशव्या दाबायला मेडिकलचे विद्यार्थी आले, सुमारे 1500, रात्रंदिवस पाळ्या लावून, कधीकधी एकाच वेळी 70 पेशंट. विशीतली ही मुलं, समोर अनेकदा लहान पोर, आणि त्याचा प्रत्येक श्वास आपल्या हातात, ही जबाबदारी कशी पेलली असेल त्यांनी! त्यांची आठवण फार कमी लोक काढतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. मृत्यूचं प्रमाण जवळजवळ 90 टक्क्यांवरून 25 च्या आसपास आलं.

पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, इब्सेननी कोपनहेगनमध्येच दुसऱ्या हॉस्पिटलात गंभीर पेशंटसाठी वेगळा कक्ष काढला, जगातल्या पहिल्या आयसीयूंपैकी एक. हवा आत ढकलणारे व्हेंटिलेटरही त्यानंतर झपाट्याने पसरले. त्याच साथीत पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएच (म्हणजे रक्त किती आम्ल, किती अल्कली) मोजून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज घ्यायला सुरुवात केली, आज आयसीयूत मनगटातून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी, करतात त्यामागे हेच काम आहे. बोटाला लावतो तो ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन दाखवतो, कार्बन डायऑक्साइड नाही, म्हणून आकडा 95 दिसत असूनही डॉक्टर एबीजी करायला सांगतात.