फ्रिज थंड करीत नाही? गॅस भरण्यापूर्वी हे तपासावे

फ्रिजमधील कूलिंग कमी झाले की बहुतेक घरांत ‘गॅस संपला असेल’ असेच म्हटले जाते. प्रत्यक्षात फ्रिजमधला गॅस वापराने खर्च होत नाही. कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप), कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या) आणि कॉइल (आतील थंड होणाऱ्या नळ्या) यांना जोडणाऱ्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती झालेली असते, आणि ती न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने निघून जातो. म्हणून गळतीची जागा सापडल्याशिवाय आम्ही गॅस भरीत नाही.

फ्रिज खरोखर बिघडला आहे का, हे आधी पाहावे. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून तो पेला रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवावा. सकाळी ४ ते ५ अंश सेल्सिअस दिसल्यास कूलिंग योग्य आहे. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तर ‘टी’ या उष्ण प्रदेशांसाठीच्या हवामान वर्गातील फ्रिजही ४३ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. अशा दिवसांत कॉम्प्रेसर जवळजवळ सतत चालला, तर केवळ त्यावरून बिघाड समजू नये. मात्र फ्रिज भिंतीला चिकटलेला नसावा आणि दरवाज्याचे रबर घट्ट बसत असावे.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये सर्वांत अधिक फसवणारा बिघाड म्हणजे वर बर्फ जमतो, पण खाली भाज्या सुकतात आणि दूध नासते. या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या मागील पॅनेलआड कॉइल असते व पंखा तिथली थंड हवा खाली ढकलतो. कॉइलवर साचणारे हिम ठरावीक काळाने हीटर वितळवतो; हीटर, सेन्सर किंवा टायमर यांपैकी काही निकामी झाले की बर्फाची भिंत तयार होऊन हवेची वाट बंद होते. याची खात्री घरीच करता येते. सामान बाहेर काढून, वीज बंद करून, दरवाजे पूर्ण दिवसभर उघडे ठेवावेत आणि खाली फडकी अंथरावीत. त्यानंतर फ्रिज काही दिवस उत्तम चालला आणि पुन्हा तसाच झाला, तर दोष बहुधा डीफ्रॉस्टचा, म्हणजे हिम वितळवणाऱ्या यंत्रणेचा असतो. तेथे गॅसचा खर्च व्यर्थ जातो. बर्फ नसूनही खाली हवा येत नसेल, तर पंखा तपासावा लागतो.

फ्रिजमधला दिवा लागतो, पण मागून दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर बंद पडतो, तेव्हा रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग), ओव्हरलोड (भार वाढल्यास तो बंद करणारा भाग) किंवा कमी व्होल्टेजचा संशय घ्यावा. वीज गेल्यावर किमान ५ मिनिटे थांबूनच फ्रिज पुन्हा चालू करावा, कारण नळ्यांतील दाब समान होण्यापूर्वी कॉम्प्रेसरला सुरू होणे जड जाते.

खऱ्या गळतीची लक्षणे वेगळी असतात. कॉम्प्रेसर अखंड चालतो, एरवी गरम लागणाऱ्या बाजूच्या भिंती कोमटही होत नाहीत आणि कॉइलच्या एका कोपऱ्यातच हिम दिसते. एका दरवाज्याच्या फ्रिजमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे सुरीने बर्फ खरवडणे. फ्रीझरच्या पातळ ॲल्युमिनियमला त्याने सहज छिद्र पडते. कृपया डीफ्रॉस्टचे बटण दाबून वाट पाहावी.

अनेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो. त्याचे प्रमाण सहसा १०० ग्रॅमहून कमी असले, तरी बंद खोलीत नळी कापून लगेच ज्योत लावणे धोक्याचे आहे. योग्य कामात खोली हवेशीर ठेवून उरलेला गॅस सुरक्षितपणे काढला जातो, गळती बुजवून फिल्टर ड्रायर (नळ्यांतील ओल व कचरा अडवणारा भाग) बदलला जातो, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढली जाते आणि नंतरच काट्यावर मोजून गॅस भरला जातो. ड्रायर बदलला की नाही, हे कोणत्याही मेकॅनिकला ग्राहकाने अवश्य विचारावे.

आम्हाला फोन करताना मॉडेल क्रमांक, स्टिकरवरील गॅसचे नाव, कॉम्प्रेसर चालतो की नाही आणि बर्फ कोठे जमतो एवढे सांगितल्यास आवश्यक सुटे भाग पहिल्याच भेटीत सोबत आणता येतात.