होडी स्वतःच्याच लाटेवर चढते तेव्हा

गेटवेहून मांडव्याला जाताना शेजारचे काका नातवाला सांगत होते, "कॅटॅमरान पाण्यातून वर उचलली जाते, म्हणून पळते." काही बोटी उचलल्या जातात हे खरं. पण पुष्कळशा कॅटॅमरान, म्हणजे शेजारी-शेजारी दोन बुडं जोडलेल्या बोटी, आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतच चालतात आणि तरीही एकबुडी बोटीला मागे टाकतात.

बोट चालली की लाट उठते आणि वेग वाढला की ती लाट लांबते. पाण्यालगत १० मीटर लांब असलेली बोट पावणेआठ नॉट (ताशी सुमारे १४ किमी) वेगाच्या आसपास पोचली, की लाट बरोबर बोटीएवढी होते. एक माथा पुढच्या टोकाशी, दुसरा मागच्या. आणखी रेटलं की मागचा माथा मागे पडतो, बोटीचा मागचा भाग खळग्यात बसतो आणि बिचारी स्वतःच उभा केलेला चढ चढू लागते. डिझेल ओता हवं तेवढं, वेग जेमतेम वाढतो. याला 'हल स्पीड' म्हणतात. अनेकांना तो निसर्गाचा कायदा वाटतो. तसं काही नाही; चढ बुटका असेल तर बोट तो ओलांडून जाते.

चढ बुटका कसा करायचा? ऑस्ट्रेलियाचे गणिती जॉन हेन्री मिशेल यांनी १८९८ मध्ये सडपातळ जहाजांचं गणित मांडलं. त्यानुसार रुंदी निम्मी केली की लाटेची उंचीही निम्मी होते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे लाटेपायी होणारा विरोध पावपट. आता लांबी आणि खोली तीच ठेवून एका बोटीऐवजी निम्म्या रुंदीच्या दोन घ्या. वजन तेवढंच पेलतं. विरोध पाव अधिक पाव, म्हणजे निम्मा!

पण दोन्ही चिकटवून ठेवल्या, तर निम्मी लाट अधिक निम्मी लाट, पुन्हा पूर्ण लाट. सगळं मुसळ केरात. म्हणून मधलं अंतर महत्त्वाचं. त्या अंतरावर आणि वेगावर ठरतं, की दोघींच्या तिरक्या लाटा एकमेकींना खाणार की फुगवणार.

१८७६ मध्ये अमेरिकी नौकारचनाकार नॅथॅनिएल हेरेशॉफ यांची 'अमॅरिलिस' ही दोन बुडांची नौका न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरली. तिने भल्याभल्या बोटींना मागे टाकलं, आणि मग अशा नौकांनाच शर्यतींतून बाद केलं गेलं.

"कॅटॅमरान म्हणजे निम्मं डिझेल" ही जाहिरात मात्र ऐकून सोडून द्यावी. सावकाश चालताना लाट नावापुरतीच असते, तिथे घर्षणाचं राज्य. दोन बुडांना पाणी जास्त घासतं, म्हणून कॅटॅमरान उलट जास्तच पिते. शिवाय सडपातळ बूड ओझ्याने भराभर खाली जातं. डेकवर जनरेटर, एसी, फ्रीज चढवत गेलं, की घासणारा भाग वाढतो, लाटही वाढते.