बाहेरचे संशोधन अनुदान: जाहिरातीपासून पहिल्या हप्त्यापर्यंत

पुण्यातील विद्यापीठ विभाग आणि संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापक व तरुण संशोधकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

संशोधन करू पाहणाऱ्या शिक्षकांना अनुदानाचा प्रस्ताव उभा करायला मदत करणे हे आमच्या छोट्या कार्यालयाचे काम. येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो: "सध्या कुठली ग्रँट चालू आहे?" आमची विनंती आहे की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी तुमच्या संशोधनाचा प्रश्न कागदावर चार ओळींत मांडा. जाहिरात निघाल्यावर हातात साधारण महिना-दीड महिना असतो. त्यातले निम्मे दिवस सह्या, कोटेशन आणि प्रमाणपत्रांत जातात. उरलेल्या दिवसांत लेक्चर्स असतात, पेपर तपासणीची कॅपची ड्यूटी असते, एखाद्या वर्षी महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट असते. अशा धावपळीत नवा विचार सुचत नाही. मग मागच्या वर्षी सहकाऱ्याने पाठवलेल्या प्रस्तावावर आपले नाव चढवण्याचा मोह होतो, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळते.

एक प्रश्न, अनेक दारे

समजा, तुम्ही सूक्ष्मजीवशास्त्र शिकवता आणि मुठेच्या पाण्यातील, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास तुम्हाला करायचा आहे. हा विषय घेऊन कुणाकडे जायचे?

हा प्रतिरोध जिवाणूंत मुळात कसा पसरतो, हे तुमचे कुतूहल असेल तर तो मूलभूत विज्ञानाचा प्रश्न झाला. त्यासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, हे पहिले दार. याचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि विज्ञान प्रकल्पांना अनुदान देणारे पूर्वीचे मंडळ, एसईआरबी, त्यात विलीन झाले, म्हणून जुन्या विभागांत अजूनही "सर्बचा प्रोजेक्ट" असेच म्हणतात. प्रतिरोधाची जनुके ओळखणारी एखादी चाचणी तयार करायची असेल तर जैवतंत्रज्ञान विभाग, डीबीटी, अधिक जवळचा. त्या जिवाणूंचा रुग्णांशी संबंध शोधायचा असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आयसीएमआर. प्रतिजैविक प्रतिरोध हा त्यांच्या आस्थेचा विषय आहे आणि त्यावर त्यांचे देशभरातील रुग्णालयांचे जाळे काम करते. हेच पाणी पुढे दौंडकडच्या शेतात जाते. तिथल्या शेतकरी कुटुंबांना त्याची काय किंमत मोजावी लागते, हे तपासायचे असेल तर प्रस्ताव समाजशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा होतो आणि सामाजिक शास्त्रांच्या परिषदेकडे, आयसीएसएसआरकडे, जातो.

नदी तीच आणि संशोधकही तोच, पण प्रस्ताव चार होतात. चारही ठिकाणी एकच मजकूर पाठवला तर चारही ठिकाणांहून नकार येण्याची शक्यता मोठी. अनुदान देणारी संस्था कशासाठी स्थापन झाली आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तिने कोणते प्रकल्प मंजूर केले, हे तिच्या संकेतस्थळावर बहुतेक वेळा सापडते. ती यादी वाचायला एक संध्याकाळ द्या. आमच्या मते संपूर्ण प्रक्रियेतली सर्वांत मोलाची संध्याकाळ तीच.

मानव्यविद्यांच्या मंडळींना वाटते की आपल्यासाठी कुणी नाही. तसे नाही. इतिहासासाठी आयसीएचआर, तत्त्वज्ञानासाठी आयसीपीआर या केंद्राच्या परिषदा आहेत. पुणे परिसरात मोडी कागदांची दप्तरे अजूनही घरोघरी, जुन्या वाड्यांत, देवस्थानांत पडून आहेत. अशा धोक्यात असलेल्या संग्रहांचे डिजिटायझेशन करण्यासाठी ब्रिटिश लायब्ररीचा 'एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम' अनुदान देतो. जीवशास्त्र आणि आरोग्य क्षेत्रातील दीर्घ फेलोशिपसाठी डीबीटी आणि वेलकम ट्रस्ट यांची 'इंडिया अलायन्स' आहे. अवकाश तंत्रज्ञानाशी जोडलेला विषय असेल तर इस्रोचा 'रिस्पॉन्ड' कार्यक्रम पाहा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इस्रोचा स्पेस टेक्नॉलॉजी सेलही आहे. अणुऊर्जेच्या अंगाने जाणाऱ्या विषयांसाठी अणुऊर्जा विभागाचे मंडळ, बीआरएनएस.

एक खुलासा इथेच करतो, कारण हल्ली हे वारंवार विचारले जाते. केंद्राने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेला एक लाख कोटी रुपयांचा आरडीआय (संशोधन, विकास व नवोन्मेष) निधी मुख्यतः खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे कर्ज किंवा भांडवल देण्यासाठी आहे. प्राध्यापकाने अर्ज करून मिळवायचे ते अनुदान नव्हे.

पात्रता: तुमची आणि संस्थेचीही

वय, पदाचे स्वरूप आणि नेमणुकीची तारीख या तीन गोष्टी आधी पाहा. नव्याने रुजू झालेल्यांसाठी एएनआरएफची पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे. अशा योजनांत वयाची अट कडक असते आणि एक संधी हुकली की वय मागे येत नाही. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना बऱ्याच योजनांत प्रमुख संशोधक होता येत नाही. याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते, कारण आमच्याकडे आलेले काही उत्तम प्रश्न त्यांचेच होते. अशा वेळी सहसंशोधक म्हणून नाव घालता येईल का, हे प्रत्येक जाहिरातीत तपासावे.

संस्थेची पात्रता मात्र शिक्षक पाहतच नाहीत. महाविद्यालय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कायद्याच्या मान्यता देणाऱ्या २ एफ आणि केंद्रीय मदतीस पात्र ठरवणाऱ्या १२ बी कलमांखाली आहे का, सरकारी निधी ज्यातून येतो त्या पीएफएमएस प्रणालीवर नोंदणी आहे का, खासगी विश्वस्त संस्था असेल तर स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा, म्हणजे एनजीओ दर्पणचा, क्रमांक आणि योजना मागत असेल तर केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची (डीएसआयआर) मान्यता आहे का, हे ऑफिसमध्ये आजच विचारा. ही कागदपत्रे अर्जाच्या आठवड्यात तयार होत नाहीत.

परदेशी पैशाचे प्रकरण याहून नाजूक आहे. विश्वस्त संस्थेच्या महाविद्यालयाला परदेशी अनुदान घ्यायचे तर परकीय योगदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरए, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचे (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे) सक्तीचे लेखापरीक्षण असलेल्या संस्थांचे नियम वेगळे आहेत. आरोग्य संशोधनात परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यताही लागते. परदेशी प्राध्यापकाला ईमेलवर "हो" कळवण्याआधी वित्त विभागाशी बोला.

बजेट

या भागावर आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो, कारण चांगले प्रस्ताव इथे घसरतात. तपासणाऱ्याला बजेटवरून कळते की तुम्ही काम खरोखर डोळ्यांसमोर आणले आहे की नाही.

मनुष्यबळापासून सुरुवात करा. जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन फेलो) मानधन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफचे (वरिष्ठ फेलो) ४२,००० रुपये आहे. तीन वर्षांचा प्रकल्प, पहिली दोन वर्षे जेआरएफ आणि तिसरे वर्ष एसआरएफ धरले तर ४,४४,००० अधिक ४,४४,००० अधिक ५,०४,०००, म्हणजे १३,९२,००० रुपये होतात. यावर घरभाडे भत्ता वेगळा. पुणे शहर केंद्राच्या वर्गीकरणात एक्स गटात आहे, त्यामुळे इथे सर्वांत वरचा दर लागतो. जुन्नरच्या किंवा इंदापूरच्या महाविद्यालयाला तो लागणार नाही. तिसऱ्या वर्षीची वाढ आणि घरभाडे विसरल्याने मंजूर प्रकल्पात शेवटचे काही महिने संशोधक विद्यार्थ्याला मानधन देता येत नाही, ही खरी शोकांतिका आहे. त्या मुलाचे किंवा मुलीचे घर त्यावर चालते.

उपकरणांचे म्हणाल तर मोठे यंत्र मागण्याआधी ते जवळपास कुठे आहे, ते पाहा. विद्यापीठात सेंट्रल इन्स्ट्रुमेंटेशन फॅसिलिटी आहे, पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहेत, आणि देशभरातील उपकरणांची माहिती केंद्राच्या आय-स्टेम पोर्टलवर मिळते. दहा-बारा किलोमीटरवर उपलब्ध असलेले यंत्र नव्याने मागितले तर समितीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. वापरशुल्काची तरतूद करा, तिथल्या प्रमुखांचे संमतिपत्र जोडा. प्रस्ताव स्वस्त होतो आणि भक्कमही. यंत्र घेणे खरोखर गरजेचे असेल तर ताजे कोटेशन, जीएसटी, वाहतूक आणि वॉरंटीनंतरचा देखभाल करार हे सगळे धरा. यंत्र कुठल्या खोलीत बसेल आणि तिथे थ्री-फेज वीज आहे का, हेही पाहून ठेवा.

कन्झ्युमेबल्स (वापरून संपणारे साहित्य), प्रवास, कंटिन्जन्सी (किरकोळ व अनपेक्षित खर्च) यांपुढे गोल आकडे टाकू नका. किती नमुने, प्रत्येक नमुन्यामागे किती खर्च, किती फेऱ्या, अशी मांडणी करा. ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या सुविधांपोटी मिळणारा भाग, हा संस्थेचा हक्क आहे. तो किती टक्के हे योजनेप्रमाणे ठरते, स्वतःच्या मनाने कमी करू नका.

सह्या

विद्यापीठ विभागाच्या प्रस्तावावर कुलसचिवांची, महाविद्यालयाच्या प्रस्तावावर प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो. संस्थेचे हमीपत्र योजनेने दिलेल्या नमुन्यातच, लेटरहेडवर हवे. स्वतःच्या भाषेत लिहिलेले पत्र परत येते. प्रकल्पाचे शीर्षक पोर्टलवर आणि पत्रात अक्षरशः सारखे असावे. सहसंशोधक दुसऱ्या संस्थेत असेल तर त्यांच्याकडचे पत्रही लागते. गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये येत असतील तर सहीचा कागद सुट्टीआधी फिरवा.

माणसांवर अभ्यास असेल तर संस्थात्मक नीतिशास्त्र समिती, प्राण्यांवर असेल तर प्राणी नीतिशास्त्र समिती, जनुकीय बदल असतील तर जैवसुरक्षा समिती. समितीची बैठक रोज भरत नाही. मान्यता नंतर चालेल असे जाहिरातीत लिहिले असले तरी अर्ज दाखल केल्याची पोच तरी जोडा.

पोर्टलवर शेवटच्या संध्याकाळपर्यंत थांबू नका. निदान तीन दिवस आधी अर्ज पूर्ण करा.

कंपन्यांचा पैसा

चाकण, भोसरी, हिंजवडीच्या उद्योगांकडून संशोधनासाठी पैसा येऊ शकतो, पण तो कुठल्या नावाने येतो ते महत्त्वाचे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांच्या संशोधनाला देता येतो. कंपनी स्वतःच्या उत्पादनाची चाचणी करून मागत असेल तर ती कन्सल्टन्सी झाली आणि तिच्यावर जीएसटी लागतो. संशोधन अनुदानाला मात्र १० ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे. खासगी अनुदानाला ही सूट हवी असेल तर संस्था संशोधनासाठी आयकर कायद्याखाली अधिसूचित आहे की नाही, हे पाहावे लागते. करारावर सही होण्याआधी संस्थेच्या सीएंना दाखवा. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार तुमच्याकडे राहील, असे कलम करारात असलेच पाहिजे. यावर आम्ही कुणालाही तडजोड सुचवत नाही.

मंजुरीनंतर आणि नकारानंतर

मंजुरीचे पत्र आले की पेढे वाटा आणि दुसऱ्या दिवशी अकाउंट्स विभागात जा. खाते, पहिल्या हप्त्याची नोंद, पदाची जाहिरात ही कामे लगेच सुरू झाली तर वर्ष हातात राहते. बजेटातल्या एका शीर्षाखालचा पैसा दुसरीकडे वळवायला सहसा पूर्वपरवानगी लागते. ३१ मार्चनंतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, सरकारी वित्त नियमांच्या (जीएफआर) १२-ए नमुन्यात आणि सोबत खर्चाचे विवरण द्यावे लागते. त्यावर अडकले की पुढचा हप्ता अडकतो. सरकारी अनुदानावर जमलेले व्याज आपले नसते. ते सरकारकडे जमा करायचे असते.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागवा आणि आठवडाभर बाजूला ठेवून मग वाचा. "व्याप्ती मोठी आहे" असा शेरा असेल तर तीन उद्दिष्टांची दोन करा. "प्राथमिक निष्कर्ष नाहीत" असा असेल तर विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या छोट्या अंतर्गत निधीतून एका हंगामाचे नमुने गोळा करा आणि पुढच्या जाहिरातीला त्यांचा आलेख जोडा. परीक्षकाचा गैरसमज झाला असे वाटले, तरी त्याला तसे का वाटले हे आपल्या परिच्छेदात शोधा.

आम्ही काय करतो, काय करत नाही

जाहिरात शोधणे, पात्रता तपासणे, बजेट मांडणे, मसुदा परीक्षकाच्या नजरेने वाचून प्रश्न विचारणे आणि कागदपत्रांचा पाठपुरावा, इतके आमचे काम. शास्त्रीय मजकूर आम्ही लिहून देत नाही, कारण मुलाखतीत समितीसमोर तुम्ही उभे असता. मंजुरीची हमी आम्ही देत नाही. कुणी देत असेल तर तिथे जाऊ नका. आमची फी ठरलेली असते, मंजूर रकमेच्या टक्केवारीवर नसते, आणि ती प्रकल्पाच्या बजेटात दाखवू नये. तुमची कल्पना आमच्याकडून तिसऱ्या माणसापर्यंत जात नाही. तसे लेखी देतो. एकाच योजनेला, एकाच विषयावर दोन ग्राहक आले तर दुसऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. येताना तुमच्या प्रश्नाच्या चार ओळी, अलीकडच्या शोधनिबंधांची यादी, नेमणूक पत्राची प्रत आणि महाविद्यालयाच्या १२ बी पत्राची प्रत आणा. विभागप्रमुख किंवा सहसंशोधक सोबत आले तर उत्तमच.