अकोले तालुका : बारमाही पर्यटन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा डोंगराळ तालुका. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.), हरिश्चंद्रगड, रतनगड, भंडारदऱ्याचे धरण आणि सांदण दरी ही सगळी ठिकाणे या एकाच तालुक्यात किंवा त्याच्या शिवेवर आहेत. उत्तरेला नाशिक जिल्ह्यातले इगतपुरी आणि सिन्नर, पश्चिमेला सह्याद्रीचा कडा व त्याखाली ठाणे जिल्ह्यातला शहापूर, दक्षिणेला पुणे जिल्ह्यातला जुन्नर आणि पूर्वेला संगमनेर असे शेजारी तालुके आहेत. तालुक्याचे मुख्य ठिकाण अकोले हे गाव प्रवरा नदीकाठी वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ९० हजार असून तीत महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांचा वाटा मोठा आहे. विधानसभेचा अकोले मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

मुंबई-पुण्याकडच्या बहुतेकांना हा मुलूख ‘भंडारदरा’ या एका नावाने आणि पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवार-रविवारपुरता माहीत असतो. तालुक्याची ही ओळख फार अपुरी आहे. इथे दर दोन महिन्यांनी डोंगराचा रंग, नदीचे पाणी आणि माणसांचे काम बदलते. एका ऋतूत पाहिलेले गाव दुसऱ्या ऋतूत ओळखू येत नाही.

या बदलाचे मूळ पावसात आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणातून येऊन सह्याद्रीच्या उभ्या कड्याला अडतात आणि घाटघर, रतनवाडी, पांजरे या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततात. तिथून पूर्वेकडे निघाले की राजूरपर्यंत तो झपाट्याने कमी होतो आणि खुद्द अकोल्यात पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात भातखाचरे संपून ऊस, कांदा, डाळिंब आणि टोमॅटो सुरू होतात. पश्चिमेच्या अतिपावसाच्या भागाला ‘डांगाण’ म्हणतात. पर्यटकांना परिचित असलेली बहुतेक ठिकाणे याच डांगाणात आहेत.

डांगाणातल्या वर्षाची सुरुवात शेतकऱ्याच्या हिशेबाने राब भाजण्यापासून होते. वळीव पडण्याआधी रोपांच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या आणि माती यांचे थर रचून ते पेटवतात. पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरतात आणि रोपे हातभर वाढली की जुलैत आवणी सुरू होते. आवणीचे ते तीन-चार आठवडे सारे गाव चिखलात असते. पोटरीभर गाळात वाकलेल्या बायका डाव्या हातात रोपांची जुडी धरतात आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने दोन-तीन काड्या एका दमात चिखलात खुपसत मागे मागे सरकतात. पूर्वी पाठीवर पानांचे इरले असे, आता बहुतेकींच्या पाठीवर प्लॅस्टिकचा कागद असतो. धबधब्यापाशी जाण्याच्या घाईत हीच खाचरे तुडवली जातात, बांधावर गाड्या लावल्या जातात. पावसाळ्यात येणाऱ्याने आधी हे पाहावे, थांबून पाहावे आणि बांध सोडून आत पाय टाकू नये.

धबधब्यांचे म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची गणती करता येत नाही. रतनवाडीच्या वाटेवर जलाशयाला वळसा घालताना प्रत्येक घळ वाहत असते. प्रवरेवरचा रंधा धबधबा सुमारे १७० फूट खोल घळीत कोसळतो. त्याच्या काठावर घोरपडादेवीचे मंदिर आहे. भंडारदरा धरणाच्या पायथ्याचा ‘अंब्रेला फॉल’ मात्र पावसावर नव्हे, धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालतो. त्यामुळे सिंचनाचे आवर्तन चालू असेल तर तो भर उन्हाळ्यातही दिसतो आणि आवर्तन नसेल तर भर पावसातही कोरडा राहू शकतो. रंध्याचे पाणीही बऱ्याच अंशी या सोडण्यावरच अवलंबून आहे. धरण साधारण १५ ऑगस्टच्या सुमारास भरते असा जुना अनुभव आहे आणि ते भरल्याची बातमी लाभक्षेत्रातल्या गावांत सणासारखी पसरते.

हे धरण तालुक्याच्या इतिहासातले मोठे वळण आहे. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये ते पूर्ण झाले आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला ‘विल्सन डॅम’ म्हणू लागले. दगडी बांधकामाच्या या भिंतीची उंची सुमारे २७० फूट आहे आणि जलाशयाची क्षमता ११ टीएमसी (अब्ज घनफूट). पाणी प्रवरेतून खाली संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी उसाच्या पट्ट्यात पोचते. साखर कारखानदारीचा सधन भाग या पाण्यावर उभा राहिला, पण ज्या डोंगरावर ते पडते तिथल्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत हंड्यासाठी झऱ्यापर्यंत उतरावे लागते. कातळ पाणी धरत नाही, उतार ते थांबू देत नाही आणि साठलेले पाणी खालच्यांचे. डांगाणाचे सौंदर्य वर्णन करताना ही गोष्ट वगळणे अन्यायाचे होईल.

जलाशयाला पूर्वी ‘आर्थर लेक’ म्हणत. अलीकडे त्याला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचे नाव देण्यात आले आहे. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी महादेव कोळी समाजातले होते. सावकारी जाच आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध त्यांनी नगर, नाशिक, ठाणे या डोंगरपट्ट्यात बंड उभारले. त्यांना पकडून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. १८५७ च्या उठावाच्या नऊ वर्षे आधीची ही घटना आहे.

सप्टेंबरच्या मध्यावर पावसाचा जोर ओसरतो आणि माझ्या मते इथला सर्वांत देखणा महिना सुरू होतो. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांचे पठार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरते आणि मधून मधून तेरड्याची गुलाबी झाक असते. कारवी मात्र दरवर्षी फुलत नाही. ती सात वर्षांतून एकदा उतारच्या उतार जांभळे करते आणि मग वाळून जाते. याच काळात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसण्याची शक्यता असते. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुके असेल तर पाहणाऱ्याची सावली धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटते. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने हे दृश्य इथे पाहून नोंदवून ठेवले होते. कोकणकडा अंतर्वक्र आहे, म्हणजे त्याचा माथा पायथ्यापेक्षा पुढे आलेला आहे. काठाशी उभे राहणे धोक्याचे आहे. पालथे पडून डोके पुढे काढायचे, ही इथल्या वाटाड्यांची शिकवण.

हरिश्चंद्रगड गडापेक्षा तीर्थ म्हणून जुना आहे. हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर, त्याच्या आवारातली लेणी आणि शिलालेख, योगी चांगदेवांच्या तपश्चर्येची परंपरा आणि केदारेश्वराची गुहा यांसाठी इथे एक पूर्ण दिवस द्यावा. गुहेत कमरेइतक्या थंड पाण्यात मोठे शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि तो पडला की जग बुडेल अशी लोकसमजूत आहे. अकोल्याच्या बाजूने पाचनईची वाट सर्वांत सोपी आहे. जुन्नरच्या बाजूची खिरेश्वरची वाट टोलार खिंडीतून येते आणि ती लांबलचक आहे.

कळसूबाईची चढाई बारी गावातून होते. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि सवयीच्या माणसाला तीनेक तास लागतात. शिखरावर कळसूबाईचे लहानसे मंदिर आहे. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि झाडलोट करणार नाही, अशी तिची अट होती. एके दिवशी तिला तीच कामे सांगितली गेली तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली ती कायमचीच, अशी कथा आसपासच्या गावांत सांगतात. नवरात्रात शिखरावर जत्रा भरते आणि पायथ्याच्या गावांतले म्हातारेकोतारेही अनवाणी वर जातात. पावसाळी रविवारी शिड्यांखाली लांबच लांब रांग लागते, निसरड्या खडकावर ढकलाढकली होते. शक्य असेल त्याने मधला वार निवडावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी आणि झोडणी होते आणि घराघरांत नव्या तांदळाचा वास दरवळतो. आंबेमोहोर, काळभात, जिरवेल हे इथले जुने वाण आहेत. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशा गावरान वाणांचे बियाणे घरच्या घरी जपून बियाणे बँक उभी केली. ‘बीजमाता’ म्हणून त्या ओळखल्या जातात आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हिवाळ्यात उतारावरची नागली (नाचणी), वरई आणि खुरासणीही (कारळेही) निघालेली असते. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी हे जेवण मुक्कामाच्या घरी मुद्दाम सांगून करवून घ्यावे. पर्यटकांना आवडेल म्हणून पनीरची भाजी वाढण्याची पद्धत आता इथेही आली आहे आणि ती मागणाऱ्यांमुळेच आली आहे.

राजूर ही डांगाणाची बाजारपेठ. तिथला पेढा प्रसिद्ध आहे. राजूरला हिवाळ्यात भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन पशुपालकांच्या दृष्टीने वर्षातली मोठी घटना असते. डांगी ही याच पट्ट्यातली गोवंशाची जात. पांढऱ्या अंगावर काळे-तांबूस ठिपके, काळे टणक खूर आणि तेलकट कातडी ही तिची खूण. त्या कातडीवर पावसाचे पाणी टिकत नाही, त्यामुळे सलग चार महिन्यांच्या झडीत दुसरी जनावरे आजारी पडतात तिथे डांगी बैल चिखलात काम करतो. प्रदर्शनात मालक बैलाच्या पाठीवरून तळवा फिरवतो आणि तेलाने चकाकणारा हात गिऱ्हाइकासमोर धरतो. जातिवंतपणाचा दाखला म्हणून तेवढे पुरते.

डिसेंबर-जानेवारी हा तंबूंचा हंगाम. जलाशयाकाठी शेंडी, मुरशेत, पांजरे या गावांच्या हद्दीत शेकडो तंबू लागतात. हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असल्याने तारे फार चांगले दिसतात. या व्यवसायाने गावातल्या तरुणांना रोजगार दिला. मोठ्या आवाजातली गाणी, काठावर पडलेल्या बाटल्या आणि रात्री पाण्यात उतरण्याचे धाडस हे त्याच्यासोबत आलेले दुखणे आहे. जलाशयाचा तळ एकदम खोल होतो. पोहता येणाऱ्यानेही जीवरक्षक जाकिटाशिवाय त्यात उतरू नये.

हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात हाच साम्रद गावाजवळच्या सांदण दरीचा काळ. कातळाला पडलेल्या या भेगेत काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात आणि माथ्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी उरते. सुरुवातीलाच पाण्याचे थंड डोह लागतात. पुढे दोराने उतरावे लागणारे टप्पे आहेत आणि दरी शहापूरकडच्या जंगलात उघडते. पावसाळ्यात ही दरी म्हणजे पाण्याची वाट असते, तेव्हा तिच्यात शिरणे जिवावर बेतू शकते. साम्रदजवळून रतनगडावरही एक वाट जाते. गडाच्या माथ्यावर वाऱ्याने भणाणणारे नेढे, म्हणजे कातळाला पडलेले आरपार भोक, आहे. रतनगडाच्या डोंगरात प्रवरेचा उगम मानतात आणि पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचे मंदिर आहे. गुडघे टेकून पाहावे असे त्याचे खालच्या थरांतले कोरीवकाम आहे. शेजारच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत विष्णुमूर्ती आहेत. याच काळात अकोल्याला अगस्ती आश्रमात महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. इतिहासाची आवड असणाऱ्याने उत्तरेच्या पट्टागडालाही वेळ द्यावा. जालन्याच्या मोहिमेवरून परतताना १६७९ मध्ये शिवाजी महाराज तिथे थांबले आणि गडाला विश्रामगड हे नाव मिळाले.

मेअखेरीस, पहिल्या वळवानंतर, काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे तीन-एक आठवडे रात्री लुकलुकतात. एकाच झाडावरचे हजारो काजवे एका लयीत पेटतात आणि विझतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीची परस्परांना दिलेली खूण असते. गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश आणि विजेरी यांमुळे ती खूण पोचत नाही आणि झाडाखालच्या गवतात तुडवल्या जाणाऱ्या माद्यांसोबत पुढची पिढीही जाते. ‘काजवा महोत्सवा’च्या नावाने होणारी गर्दी पाहून वन विभागाने वाहनांवर आणि रात्रीच्या वेळेवर निर्बंध आणले, ते योग्यच झाले. पुरुषवाडीसारख्या गावात पाहुण्यांना गावकरीच पायी नेतात, ती पद्धत उत्तम.

पश्चिमेचा बराचसा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौ. किमी. आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू इथे आढळतो. बिबट्या, तरस, भेकर हेही इथले रहिवासी. वन विभागाच्या नाक्यांवर प्रवेशशुल्क घेतात.

मुंबईहून येणाऱ्यांनी घोटीहून बारीमार्गे शेंडीला यावे. रेल्वेने आल्यास इगतपुरी किंवा घोटी स्थानक जवळ पडते. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता किंवा ओतूर-ब्राह्मणवाडा-कोतूळ हा आतला मार्ग आहे. शेंडीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे आणि बहुतेक गावांत घरगुती मुक्काम मिळतो. आतल्या गावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्याच आहेत, मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, पेट्रोल आणि पैसे राजूर किंवा शेंडीलाच घेऊन ठेवावेत. गडांवर जाताना वाटाड्या गावातलाच घ्यावा. उन्हाळ्यात पाहुणा आला की हंडाभर पाणी जास्तीचे वाहून आणावे लागते, म्हणून त्या दिवसांत पिण्याचे पाणी आपले आपण सोबत न्यावे.