मोबाइलमुळे हार्ट मॉनिटर बंद पडतो का?
वॉर्डात कोणी फोन काढला की लगेच कोणीतरी ओरडतं, "अहो बंद करा, पेशंटचा मॉनिटर बंद पडेल!" एवढ्याने सहसा काही होत नाही हो. हा मॉनिटर म्हणजे पेशंटच्या गळ्यात अडकवलेला छोटा डबा, तो छातीवरच्या स्टिकरमधून ईसीजी घेतो आणि रेडिओने नर्सच्या स्क्रीनवर पाठवतो. अशा मॉनिटरचा मोठा गोंधळ झाला होता तो १९९८ मध्ये, अमेरिकेत डॅलसच्या बेलर हॉस्पिटलात, आणि तोही फोनमुळे नाही तर एका टीव्ही चॅनेलच्या डिजिटल टेस्टिंगमुळे, चॅनेलची आणि मॉनिटरची रेडिओ फ्रिक्वेन्सी एकच होती ना! म्हणून २००० साली तिथे अशा उपकरणांना वेगळे बँड, म्हणजे राखीव फ्रिक्वेन्सी, दिले. फोन फक्त डब्याला चिकटवून ठेवू नका, मीटरभर लांब बास. मला जास्त काळजी वाटते ती सुटलेल्या स्टिकरची आणि उतरलेल्या बॅटरीची, तेव्हा स्क्रीनवर ठोके दिसतच नाहीत, लगेच सिस्टरला हाक मारा.